टियाग्रा ४७०० लिव्हर + डेओरे १०-स्पीड डिरेलर + ११–४२ कॅसेट: सगळं १०-स्पीड असून गिअर का जुळत नाहीत?

खडीवाट

ड्रॉप हँडलची टूरिंग सायकल आहे. मूळ संच शिमानो टियाग्रा ४७००, पुढे ५०–३४ (दोन चकत्या म्हणजे चेनरिंग, ५० आणि ३४ दात्यांच्या), मागे १०-स्पीड ११–३२ (दहा चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट, ११ ते ३२ दाते). सामान लादल्यावर चढाला ३४/३२ जड पडतो, म्हणून मागे ११–४२ ची १०-स्पीड कॅसेट (एचजी५००) बसवली. मूळ डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ४२ ला पुरत नाही, त्यामुळे त्याच्या जागी शिमानोचाच डेओरे एम६००० हा लांब पिंजऱ्याचा १०-स्पीड माउंटन डिरेलर घेतला. चेन १०-स्पीडची, नवी. लिव्हर (हँडलवरचे, गिअर बदलायचे) तेच ४७०० चे.

लक्षणं अशी:

११ च्या चकतीवर केबल ताणून सेटिंग सुरू केलं की पहिले दोन क्लिक ठीक. तिसऱ्याला खडखड, चौथ्या-पाचव्याला चेन धड या चकतीवर नाही धड त्या चकतीवर नाही. सातव्या क्लिकला अचानक शांत चालते, पण मोजलं तर चेन एक चकती मागे असते. ४२ ची चकती मिळतच नाही.

मोठ्या चकतीच्या बाजूने सेटिंग केलं की हेच उलट्या दिशेने होतं. वरच्या दोन-तीन चकत्या ठीक, लहान चकत्यांवर गोंधळ.

हँगर (फ्रेमवरचा, डिरेलर लावायचा तुकडा) गेजने तपासला, सरळ आहे. केबल आणि आउटर (केबलवरची नळी) नवे. एल स्क्रू (मोठ्या चकतीच्या बाजूला डिरेलरला अडवणारा) जवळजवळ पूर्ण सोडून पाहिला तरी ४२ वर चेन चढत नाही. सेटिंग चुकतंय की भागच जुळत नाहीत? आणि कमीत कमी काय बदलावं लागेल?

पितळीघंटा

लिव्हर १०, कॅसेट १०, डिरेलर १०, म्हणजे जुळायलाच हवं. केबलला ताण कमी पडतोय असं वाटतं. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलायची फिरकी) अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत जा. नाहीतर केबल बोल्टपाशी घसरत असेल, तो ६-७ न्यूटन मीटरने आवळा.

दातेरी

सगळ्यात आधी एक काम करा: एल स्क्रू परत होता तिथे आणा. केबल सोडा, डिरेलर हाताने ढकलून वरची पुली ४२ च्या चकतीच्या बरोबर खाली आणा आणि तिथे स्क्रू टेकवा. तो सोडून ठेवला आणि कधी चढावर जोर लावताना चेन आत गेली, तर डिरेलर स्पोकमध्ये अडकून हँगर, डिरेलर आणि चाक तिन्ही एकदम जातात. एल स्क्रूचं काम फक्त अडवण्याचं. त्याने चेन वर चढत नाही.

आता मूळ मुद्दा. सेटिंग बरोबर आहे, भाग जुळत नाहीत. पितळीघंटा म्हणतात तसा ताण वाढवून हे सुटणार नाही, कारण ताण वाढवला की सगळे गिअर एकत्र सरकतात. इथे चूक प्रत्येक क्लिकला वाढत जाते. ही दोन लक्षणं वेगळी ओळखता यायला हवीत. सगळ्या चकत्यांवर सारखीच खडखड असेल तर ताणाचा दोष. एका टोकाला शांत आणि दुसऱ्या टोकाकडे जाताना वाढत जाणारी गडबड असेल तर ओढीचा.

डब्यावरचा "१०-स्पीड" हा आकडा चकत्या किती आणि चेन किती रुंद एवढंच सांगतो. लिव्हर आणि डिरेलर एकमेकांना चालतील का, हे तो सांगत नाही. त्यासाठी तीन आकडे पाहावे लागतात: एका क्लिकला लिव्हर किती केबल ओढते, १ मिमी केबल ओढल्यावर डिरेलर किती मिमी सरकतो (हे त्याचं गुणोत्तर), आणि कॅसेटवर एका चकतीच्या मध्यापासून पुढच्या चकतीच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याच्या जवळ आला पाहिजे.

तुमच्या बाबतीत ४७०० ची लिव्हर क्लिकला साधारण २.८ मिमी ओढते. डेओरे १०-स्पीड डिरेलरचं गुणोत्तर साधारण १.२. गुणाकार ३.३६ मिमी. १०-स्पीड कॅसेटला हवेत ३.९५. म्हणजे प्रत्येक क्लिकला जवळपास ०.६ मिमी कमी.

यावरून तुमची सगळी लक्षणं जुळतात. शिमानोच्या वरच्या पुलीला आडवी थोडी मोकळीक असते, ती पहिल्या एक-दोन क्लिकची चूक झाकते. तिसऱ्याला १.८ मिमी मागे, म्हणजे जवळजवळ दोन चकत्यांच्या मधोमध, म्हणून खडखड. सातव्याला ४ मिमीच्या आसपास मागे, म्हणजे बरोबर एक चकती, म्हणून पुन्हा शांत. नऊ क्लिक संपेपर्यंत ५ मिमीपेक्षा जास्त तूट होते, मग ४२ कशी मिळणार?

नेहमी लागणारे आकडे देतो. क्रम: एका क्लिकची ओढ, डिरेलरचं गुणोत्तर, चकत्यांमधलं अंतर.

शिमानो ८-स्पीड: २.८ / १.७ / ४.८
शिमानो ९-स्पीड, रोड आणि माउंटन दोन्ही: २.५ / १.७ / ४.३५
जुनं १०-स्पीड रोड (टियाग्रा ४६००, १०५ ५७००, अल्टेग्रा ६७००): २.३ / १.७ / ३.९५
टियाग्रा ४७०० आणि जीआरएक्स आरएक्स४०० (शिमानोचा ग्रॅव्हल संच), १०-स्पीड: २.८ / १.४ / ३.९५
शिमानो ११-स्पीड रोड: २.७ / १.४ / ३.७
शिमानो १०-स्पीड माउंटन: ३.४ / १.२ / ३.९५
शिमानो ११-स्पीड माउंटन: ३.६ / १.१ / ३.९
स्रॅम (दुसरी कंपनी) १०-स्पीड, रोड आणि माउंटन दोन्ही: ३.१ / १.३ / ३.९५

हे सगळे सरासरी आकडे आहेत. प्रत्येक क्लिकची ओढ तंतोतंत सारखी नसते आणि डिरेलरचं गुणोत्तरही त्याच्या हालचालीत थोडं बदलतं. त्यामुळे गुणाकार दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत जुळावा अशी अपेक्षा ठेवू नका. ०.१ इकडेतिकडे चालतं. ०.३ च्या पुढे गेलात की सेटिंगमध्ये उगाच वेळ जाईल.

खडीवाट

आकडे पाहून डोक्यात प्रकाश पडला. पण शिमानोने एकाच कंपनीत १०-स्पीडचे तीन प्रकार का केले? आणि आता पर्याय काय आहेत? दोन चेनरिंग ठेवायच्या आहेत, ते शक्य असेल तर बरं.

दातेरी

कारण यांत्रिक आहे. गुणोत्तर १.७ असताना केबलमध्ये घर्षणामुळे किंवा आउटर दबल्यामुळे ०.२ मिमी चूक झाली, तर डिरेलरपाशी ती ०.३४ होते. १.२ ला तीच ०.२४. चकत्या जवळ येत गेल्या तशी चूक खपवून घ्यायची जागा कमी झाली. माउंटन सायकलच्या केबलमध्ये चिखल-पाणी जातं, म्हणून तिथे बदल आधी झाला: २०१० मध्ये १०-स्पीड माउंटन आलं तेव्हाच गुणोत्तर खाली आणलं आणि लिव्हरची ओढ वाढवली. रोडमध्ये हा बदल २०१२ च्या ११-स्पीड ड्युरा-एसपासून आला. टियाग्रा ४७०० हे २०१५ चं. चकत्या १०, पण ओढ मात्र नव्या ११-स्पीड रोडच्या घराण्यातली. म्हणून ४६०० आणि ४७०० ही नावं शेजारची असली तरी त्यांचे डिरेलर अदलाबदल करता येत नाहीत. वापरलेले भाग घेताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

आता तुमचे पर्याय.

१. डिरेलर बदला, १.४ गुणोत्तराचा घ्या. मला हाच सगळ्यात सरळ वाटतो. जीआरएक्स आरएक्स४०० हा १०-स्पीड डिरेलर ४७०० च्या लिव्हरला थेट चालतो. त्याची मोठ्या चकतीची मर्यादा ३६, एकूण क्षमता ४१ दाते. क्षमतेचा हिशोब: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या टोकाच्या चकत्यांमधला फरक. ५०–३४ आणि ११–३६ धरलं तर १६ + २५ = ४१. अगदी काठावर, पण मर्यादेत.

४२ जाऊन ३६ आली म्हणजे हलका गिअर गेला असं वाटेल. ३४/४२ = ०.८१ आणि ३४/३६ = ०.९४. ही तूट पुढून भरून काढा: जीआरएक्स आरएक्स६०० चा १०-स्पीड क्रँक (पेडलच्या दांड्या आणि पुढच्या चकत्या) ४६–३० येतो. ३०/३६ = ०.८३. तुम्हाला हव्या असलेल्या गिअरपासून जवळजवळ काहीच फरक नाही. शिवाय मागे चकत्यांमधल्या उड्या लहान राहतात, सामान लादल्यावर त्याचा मोठा आराम असतो. फरक इथेही १६ दातेच, त्यामुळे क्षमता ४१ च राहते. एक अट आहे. जीआरएक्स क्रँकची चेनलाईन (चेन फ्रेमच्या मध्यापासून किती अंतरावर धावते ते) रोडपेक्षा २.५ मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही जीआरएक्सचा लागतो. ४७०० चा पुढचा डिरेलर मोठ्या रिंगवर पूर्ण पोहोचेलच असं नाही, आणि पोहोचला तरी पिंजरा घासत राहतो.

२. ११–४२ ठेवा, पुढे एकच चेनरिंग करा. मग जीआरएक्स आरएक्स८१२ घ्या. तो ११-स्पीडचा म्हणून विकला जातो, पण गुणोत्तर १.४ आणि लिव्हर ४७०० ची, त्यामुळे १०-स्पीड कॅसेटवर बरोबर चालतो. किती चकत्या हे लिव्हर ठरवते. डिरेलरला चकत्या मोजता येत नाहीत. त्याची क्षमता ३१ दाते, म्हणजे ११–४२ आणि पुढे एकच रिंग एवढंच. दोन रिंगा ठेवल्या तर लहान-लहान जोडीवर चेन लोंबेल. ३८ ची रिंग घेतली तर सगळ्यात हलका गिअर ३८/४२ = ०.९०, म्हणजे पहिल्या पर्यायापेक्षा जडच. ३४ ची घेतली तर ०.८१ मिळतो, पण सपाटीवर ३४/११ लवकर संपतो. सामान नेणाऱ्याला हा पर्याय मी सुचवणार नाही.

३. डेओरे ठेवा, मध्ये ओढ बदलणारी पुली बसवा. वुल्फ टूथचा टॅनपॅन, जेटेकचा शिफ्टमेट ही अशी साधनं आहेत. दोन वेगळ्या व्यासांच्या खाचांवरून केबल जाते आणि ओढ वाढते किंवा कमी होते. पण पुली कुठलीही घेऊन भागत नाही. तुम्हाला २.८ चे ३.४ करायचेत, म्हणजे १.२ पट. जुन्या १०-स्पीड रोडच्या लिव्हरसाठी केलेल्या पुलीला २.३ चे ३.४ करायचे असतात, म्हणजे जवळजवळ १.५ पट. ती लावली तर तुमचे गिअर उलट्या बाजूने चुकतील, क्लिकला डिरेलर ५ मिमी सरकेल. घेण्याआधी पट विचारून घ्या. आणि ही पुली डिरेलरपाशीच असते, तिथे माती साठते. केबल तिथे तीव्र वळण घेते, त्यामुळे तिथेच धागे तुटतात.

४. क्लिकशिवाय चालणारी फ्रिक्शन लिव्हर, हँडलच्या टोकाला. कुठलाही डिरेलर, कुठलीही कॅसेट. गिअर कानाने आणि बोटाने बसवायचे. १० चकत्यांवर सवय लागते, पण दूरच्या प्रवासात बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

हँगर लांबवणारी पट्टी लावून ४२ बसवण्याचा सल्लाही मिळेल. ती फक्त डिरेलर खाली आणते. ओढ आणि गुणोत्तर जिथल्या तिथेच राहतं, त्यामुळे सध्याच्या डेओरेला तिचा काडीचा उपयोग नाही.

पितळीघंटा

आभार दातेरी, ताणाचा आणि ओढीचा दोष वेगळा ओळखायची खूण लक्षात ठेवतो. एक विचारायचं होतं: लिव्हरवर मॉडेल नंबर पुसला गेला असेल तर ती कुठल्या घराण्यातली हे कसं कळणार? वापरलेल्या लिव्हर बऱ्याचदा नंबराशिवायच येतात.

स्लॅकवायर

मोजून. डिरेलरपाशी केबल मोकळी करा, लिव्हर सगळ्यात लहान चकतीच्या जागी आणा. केबलचं टोक हाताने हलकं ताणून धरा आणि आउटर संपतो तिथे केबलवर बारीक चिकटपट्टी गुंडाळा. आता सगळे क्लिक करा, पट्टी किती सरकली ते व्हर्निअरने मोजा. १०-स्पीड लिव्हरला नऊ क्लिक असतात, तेव्हा बेरीज अशी येते:

जुनं रोड: २१ मिमीच्या आसपास
टियाग्रा ४७०० घराणं: २५ च्या आसपास
स्रॅम: २८ च्या आसपास
शिमानो माउंटन: ३०-३१

एका क्लिकवरून ठरवू नका. पहिल्या क्लिकमध्ये थोडी ढील असते. पूर्ण बेरीज घ्या आणि क्लिकच्या संख्येने भागा. बेरजांमध्ये इतका फरक आहे की साध्या पट्टीनेही चुकणार नाही. क्लिक मोजतानाच लिव्हर ९ ची आहे की १० ची हेही कळतं: क्लिक अधिक एक.

एक गोष्ट इथे जोडतो. केबल बोल्टच्या ज्या बाजूने जायला हवी त्या बाजूनेच आवळा. डिरेलरवर तिच्यासाठी खाच असते. उलट बाजूने घेतली तर फिरत्या भुजेची लांबी बदलते आणि गुणोत्तरही बदलतं. सगळे भाग बरोबर असूनही गिअर टोकाला चुकत असतील तर आधी ही खाच पाहा.

सावकाशचालक

याच विषयातला जरा वेगळा प्रश्न. ३×८ (पुढे ३, मागे ८ चकत्या) हायब्रिड आहे, शिमानोच्या ८-स्पीड शिफ्टर. ९-स्पीडची ११–३६ कॅसेट आणि ९-स्पीडची चेन हाताशी आहे. शिफ्टर ८ चीच ठेवून एक चकती वापरली नाही तर चालेल का?

दातेरी

नाही चालणार. ८ ची शिफ्टर क्लिकला ४.८ मिमी सरकवणार, कॅसेटवर अंतर ४.३५. क्लिकला ०.४५ जास्त, सात क्लिकमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त. मधोमध सेटिंग केलं तरी दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी चूक राहते.

पण तुमचं काम खडीवाट यांच्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. ८ आणि ९ दोन्हींत डिरेलरचं गुणोत्तर १.७, फ्रीहबची (मागच्या हबचा कॅसेट बसायचा भाग) रुंदीही तीच. फक्त उजवी शिफ्टर ९ ची घ्या. बाकी ९ ची कॅसेट आणि चेन तुमच्याकडे आहेच. डावी शिफ्टर, क्रँक, पुढचा डिरेलर तसेच राहू द्या. ८ च्या क्रँकवर ९ ची चेन बहुतेक वेळा नीट चालते. क्वचित ती दोन रिंगांच्या मध्ये बसून घसरते. तसं झालं तर पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या रिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी उंचीवर आहे का ते पाहा. मागचा डिरेलर ३६ ला पुरतो का आणि क्षमतेत बसतो का, तेही तपासा. ३ रिंगा असल्या की क्षमता फार लवकर संपते: ४८–२८ आणि ११–३६ म्हणजे २० + २५ = ४५.

उलट प्रकार, ८ ची शिफ्टर आणि ७ ची कॅसेट, मात्र बऱ्याचदा चालून जातो. अंतर ४.८ आणि ५.०, सहा क्लिकमध्ये १.२ मिमी. मधल्या चकतीवर सेट केलं की टोकांना ०.६ चूक, ती पुलीची मोकळीक सांभाळते. आवाज थोडा येतो, पण गिअर पडतात.

स्लॅकवायर

सावकाशचालक, कॅसेट विकत घेण्याआधी किंवा बसवण्याआधी तुमच्या मागच्या हबवर कॅसेट आहे की फ्रीव्हील ते पाहून घ्या. ७ आणि ८-स्पीडच्या पुष्कळ सायकलींवर हबच्या आट्यांवर फिरवून आवळलेलं फ्रीव्हील असतं, आणि त्या हबवर कॅसेट बसूच शकत नाही. ओळखायची खूण: चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या, पाना बसवायच्या खाचांकडे बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ती लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी रिंग), म्हणजे कॅसेट. खाचा स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील निघालं तर ८ किंवा ९ चकत्यांचं फ्रीव्हील शोधत बसण्यापेक्षा कॅसेट हबचं चाक घ्या. फ्रीव्हील हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं, धुरा बाहेर आधाराशिवाय लांब राहतो. चकत्या वाढवल्या की हा निराधार भाग आणखी लांब होतो आणि धुरा वाकतो किंवा तुटतो. सामान नेणाऱ्या सायकलवर तर हमखास.

फ्रीहबच्या रुंदीबद्दल थोडं, कारण हे इथे अजून कोणी लिहिलेलं नाही. शिमानोच्या ८-९-१० फ्रीहबपेक्षा ११-स्पीड रोडचा फ्रीहब १.८५ मिमी लांब असतो. चाक ११-स्पीडचं आणि कॅसेट ८, ९ किंवा १० ची असेल तर कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा वायसर टाकावाच लागतो. काही १०-स्पीड रोड कॅसेटबरोबर १ मिमीचा आणखी एक वायसर येतो, तो आला असेल तर तोही टाका. ७ ची कॅसेट ८-९-१० च्या फ्रीहबवर बसवायची तर ४.५ मिमीचा. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळल्यावर मोठी चकती हाताने हलवून बघा. जराही टकटक झाली तर वायसर कमी आहे. असंच चालवलं तर सैल चकत्या फ्रीहबच्या, चकत्या अडकवणाऱ्या उंचवट्यांमध्ये चर पाडतात, मग कॅसेट काढताना हातोडा घ्यावा लागतो.

जुन्या ७-स्पीड फ्रीहबवर ९ च्या कॅसेटमधल्या ८ चकत्या बसतात, ९ ची शिफ्टर लावायची आणि लिमिट स्क्रूने एक क्लिक बंद ठेवायचा. चांगलं चाक फेकायचं नसेल तेव्हा ही युक्ती कामाची.

सावकाशचालक

खाचा फिरतायत, म्हणजे कॅसेट. उजवी ९ ची शिफ्टरच घेतो. ९ ऐवजी १० ची चेन घातली तर आवाज कमी होईल असं कुठेतरी वाचलं, त्यात तथ्य आहे का?

दातेरी

९ वर ९ चीच घाला. चेनची बाहेरची रुंदी अशी: ८-स्पीड ७.१ ते ७.३ मिमी, ९ ची ६.६ ते ६.७, १० ची ५.९ ते ६, ११ ची ५.५ ते ५.६, १२ ची ५.२ ते ५.३. कडीची लांबी सगळ्यांची १२.७ च. नियम सरळ आहे: एक पायरी अरुंद चेन जुन्या संचावर चालते, एक पायरी रुंद चेन नव्या संचावर चालत नाही, कारण ती शेजारच्या चकतीला घासते. १० ची चेन ९ वर फिरेल, पण डिरेलरला ती ढकलायला थोडं जास्त सरकावं लागतं, त्यामुळे गिअर उशिरा पडतो. फायदा काही नाही, तोटा थोडा.

१२-स्पीडमध्ये मात्र हा नियम विसरा. स्रॅमची रोडची एका कडेने सपाट असलेली चेन रोलरच्या मोठ्या व्यासाची आहे, ती दुसऱ्या कुणाच्या चकत्यांवर नीट बसत नाही. शिमानोच्या १२-स्पीड चेनच्या आतल्या पट्ट्या लांबवलेल्या आहेत, त्यामुळे पुढची रिंगही तिला साजेशीच लागते. तिथे सगळं एकाच संचातलं घ्यावं.

गिरकी

स्रॅम वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: त्यांची १०-स्पीड रोड लिव्हर आणि १०-स्पीड माउंटन डिरेलर यांची ओढ एकच आहे, त्यामुळे खडीवाट यांना जे करायचं होतं ते तिकडे थेट होतं. त्यांच्या ११-स्पीड रोड लिव्हरलाही १०-स्पीड माउंटन डिरेलर चालतो. पण जुन्या ९-स्पीड माउंटनचं "एकास एक" आणि नंतरचं ११-स्पीड माउंटन ही वेगळी घराणी, त्यांच्याशी मिसळू नका. शिमानोमध्येही २०२३ पासून क्यूज नावाचा संच आहे. त्यात ९, १० आणि ११ ची ओढ एकच ठेवली आहे. मात्र ती जुन्या कुठल्याच घराण्याशी जुळत नाही, म्हणून सुटा क्यूज डिरेलर स्वस्तात मिळाला तरी जुन्या लिव्हरसाठी घेऊ नका.

खडीवाट

ठरलं: आरएक्स४००, ११–३६, आणि पुढे ४६–३० सोबत जीआरएक्सचा पुढचा डिरेलर. डेओरे आणि ११–४२ काढून ठेवतो. आता चेन आहे तीच वापरता येईल का? ती ५०–३४ आणि ११–४२ साठी कापलेली आहे, फारशी चाललेली नाही. आणि बसवताना क्रम कसा ठेवू?

दातेरी

चेन वापरता येईल, पण लांब पडेल. अंदाज सांगतो: मागे सगळ्यात मोठी चकती ६ दात्यांनी लहान झाली, त्यामुळे साधारण ३ कड्या. पुढे मोठी रिंग ४ दात्यांनी लहान, त्यामुळे २. एकूण ५. आतली आणि बाहेरची कडी जोडीनेच काढावी लागते, म्हणून ४ काढायच्या असं कागदावर येतं. पण कागदावरून कापू नका. चेन डिरेलरमधून न घेता थेट ४६ आणि ३६ वर गुंडाळा, टोकं जिथे भेटतील तिथून पुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी मोजा, तिथे खूण करा. मध्येच अडकलात तर लांब बाजूला राहा. तुमचा संच क्षमतेच्या काठावर आहे, तेव्हा ३०–११ वर चेन जरा सैल दिसेल. ती जोडी कोणी वापरत नाही. ४६–३६ वर चेन आखूड पडली तर मात्र डिरेलर ओढला जाऊन हँगर तुटतो.

क्रम असा ठेवा. हँगर पुन्हा तपासा, कारण आधी एल स्क्रू मोकळा होता: गेजने रिमच्या चारही बाजूंना मोजून फरक ४ मिमीच्या आत हवा. डिरेलर हँगरला ८ ते १० न्यूटन मीटरने लावा, क्लच (पिंजरा घट्ट धरून चेन उडू न देणारा भाग) बंद ठेवा. केबल न जोडता एच स्क्रूने (लहान चकतीच्या बाजूला अडवणारा) पुली ११ च्या बरोबर खाली आणा. हाताने ढकलून एल स्क्रू ३६ ला लावा. मग चेन घाला, लहान रिंग आणि ३६ वर या, बी स्क्रूने पुली आणि चकती यांच्यात ५-६ मिमी अंतर ठेवा. त्यानंतरच केबल. लिव्हर सगळ्यात लहान गिअरवर आणून केबल हाताने ताणून आवळा आणि एक क्लिक करा. चेन दुसऱ्या चकतीवर गेली की तिसऱ्या चकतीला घासण्याचा आवाज जेमतेम येईपर्यंत बॅरल बाहेर काढा, मग पाव फेरा आत. आता सगळे नऊ क्लिक करून पाहा. या वेळी शेवटच्या चकतीवरही तेवढाच आवाज आला पाहिजे जेवढा दुसरीवर येतो. शेवटी क्लच चालू करा आणि पुन्हा एकदा सगळे गिअर पाहा. क्लचमुळे लिव्हर थोडी जड लागेल, ते बरोबर आहे.

आउटर गिअरचाच आहे ना, हेही बघून घ्या. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, ती दबते आणि ओढ खाते. गिअरच्या आउटरमध्ये तारा सरळ असतात. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली नळी अणकुचीदार वस्तूने उघडा.

स्लॅकवायर

चेन जोडताना क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) लागणार असेल तर १०-स्पीडचीच घ्या. ९ ची रुंद पडते, ११ ची अरुंद. आधीची लिंक स्रॅमची १०-स्पीड पॉवरलॉक असेल तर ती एकदाच वापरायची असते, उघडली की नवी घाला. शिमानोच्या पिनने जोडलेली असेल तर त्याच भोकात पुन्हा पिन घालू नका, दुसऱ्या ठिकाणी जोडा. तुम्ही कड्या काढणारच आहात, तर जुन्या पिनची कडी काढून टाकायच्या टोकाकडे येईल अशी चेन धरा.